तसलमात

सरकारी दप्तराशी ज्यांचा कधी संबंध आला आहे, त्यांना ‘तसलमात’ हा शब्द ठाऊक असेल. कामगिरीवर निघणाऱ्या नोकराला वाटखर्चासाठी आगाऊ द्यावयाची आणि तो परतल्यावर हिशेब घेऊन मिटवावयाची रक्कम, ती तसलमात. बाहेरगावी जाणाऱ्या कारकुनाच्या खिशात गाडीभाडे असेलच असे गृहीत धरू नये, एवढे शहाणपण आपल्या जुन्या दप्तराला होते. मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी १९८४ पासून एकतीस वर्षे काम केले. त्या अवधीत दूरगावच्या रोग्यांसाठी किती अर्ज लिहिले, किती दाखल्यांची खातरजमा केली, किती दात्यांच्या पायऱ्या चढले, याची गणती मी ठेवली नाही; पण जो शब्द मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी स्वतःच्या दौऱ्याच्या कागदावर लिहिला होता, तोच शब्द रोग्याच्या बाबतीत उच्चारायला मला सोळा वर्षे लागली, ही गोष्ट मात्र मनातून जात नाही.

या नोकरीचे स्वरूप बाहेरच्या माणसाला चटकन ध्यानात येत नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. त्या परंपरेतील आम्ही मंडळी. डॉक्टर निदान करतात, परिचारिका शुश्रूषा करतात, आणि या दोहोंच्या पलीकडे रोग्याचे जे घर, शेत, कर्ज, मुलेबाळे आणि भय उरते, ते आमच्या टेबलाशी येते. कागदोपत्री आमचे काम समुपदेशनाचे आणि पुनर्वसनाचे. परंतु बाह्यरुग्ण विभागातून चिठ्ठी घेऊन जो येई तो बहुधा एकच प्रश्न घेऊन येई, आणि तो पैशाचा असे. माझ्या टेबलासमोर भिंतीलगत एक लांब लाकडी बाक होता. त्यावर बसलेला माणूस ठाण्या-कल्याणचा की चांद्या-नंदुरबारचा, हे तो तोंड उघडण्यापूर्वीच मला सवयीने कळू लागले होते. दूरचा माणूस पायांतल्या वहाणा काढून बाकाखाली सरकवी, आणि मांडीवरचे बोचके मात्र काही केल्या खाली ठेवीत नसे.

उपचारासाठी पैसा मिळत नाही, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मुख्यमंत्र्यांचा सहाय्यता निधी होता, प्रधानमंत्र्यांचा होता, सिद्धिविनायकासारख्या देवस्थानांचे न्यास होते, टाटांचे न्यास होते, आणि आपले नाव कोठे येऊ नये अशी अट घालून दर दिवाळीला धनादेश धाडणारे काळबादेवीकडचे व्यापारीही होते. १९९७ साली राज्याने जीवनदायी योजना काढली. जुलै २०१२ मध्ये तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, ती प्रथम आठ जिल्ह्यांत आणि पुढल्या वर्षी साऱ्या राज्यात लागू झाली, आणि पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार विनामूल्य मिळू लागले. (आता त्या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे.) योजनेच्या आरोग्यमित्राच्या खिडकीशी उभा राहून ‘म्हणजे मला काहीच भरायचं नाही?’ असे तीनतीनदा विचारणारा शेतमजूर मी पाहिला आहे, आणि ते समाधान खोटे नव्हते.

परंतु या सर्व मदतींचा एक स्वभाव समान होता. ती रुग्णालयाच्या नावे निघे, रुग्णालयाच्या एस्टिमेटवर निघे, आणि एस्टिमेटमध्ये शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, खाट या बाबी असत. वाटेची बाब नसे. जीवनदायीच्या पॅकेजात भाड्याचा उल्लेख आहे, हे मी मुद्दाम नमूद करते. रोगी घरी निघाला की त्याला एस.टी.चे अथवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे एकवार द्यावे, असे ते कलम. भाडे केवळ रोग्याचे, आणि केवळ रुग्णालयापासून घरापर्यंतचे. ज्याने ते लिहिले त्याच्या मनात सद्भावच असणार. पण ते वाचताना मला नेहमी वाटे की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो रोगी होता तो येऊन पोहोचलेला रोगी होता. जो येऊच शकला नाही त्याला कलमात जागा नव्हती, कारण तो कोणाच्याच टेबलासमोर कधी बसला नव्हता. मदत रुग्णालयाच्या दारात उभी, आणि गरज गावच्या फाट्यावर, अशी ही चुकामूक होती.

भामरागडकडचा माणूस मुंबईला येतो म्हणजे काय करतो, हे मी पहिल्यांदा एका रोग्याच्या भावाकडून ऐकले तेव्हा नकाशा काढून बसले होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा रस्ताच तुटतो, तेव्हा आधी पाणी ओसरण्याची वाट पाहायची, मग एस.टी.ने आलापल्ली, तेथून दुसऱ्या एस.टी.ने चंद्रपूर, तेथून नागपूर, आणि नागपुरास रात्र काढून मुंबईची गाडी. नागपूर ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर ८३७ किलोमीटर आहे, पण तो टप्पा त्यांना सर्वांत सोपा वाटे, कारण त्या टप्प्यात गाडी बदलावी लागत नाही. तोंडातल्या जखमेमुळे ज्याला घोटभर पाणी गिळता येत नाही, नाकातून नळी घातली आहे आणि त्या नळीवाटेच पातळ अन्न द्यायचे आहे, अशा माणसाला घेऊन हा प्रवास करायचा, आणि तोही एकदाच नव्हे.

रेल्वेने या बाबतीत पुष्कळ केले आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे उपचारासाठी वा तपासणीसाठी निघालेल्या कर्करुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण माफी आणि त्याच्या एका सोबत्याला तीन चतुर्थांश सवलत मिळते. हृदयशस्त्रक्रियेसाठी, डायलिसिससाठी, थॅलेसेमियाच्या उपचारासाठी जाणाऱ्यांनाही सवलत आहे. या प्रमाणपत्रांचे पुस्तक माझ्या टेबलाच्या उजव्या खणात असे, आणि सही-शिक्क्यासाठी मी ते दिवसातून दोनदा वर नेत असे. पण माझ्यासमोर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रवास पूर्ण भाड्याने झालेला असे, कारण सवलतीचा कागद ज्या दारात मिळायचा, ते दार प्रवासाच्या शेवटी होते. पुढे अडचण दुसरीच येई. शस्त्रक्रियेची तारीख अवचित पुढे-मागे होई, मुंबईच्या गाड्यांचे आरक्षण कधीच भरलेले असे, आणि तत्काळच्या तिकिटाला सवलत लागू नसते. म्हणजे घाई जितकी मोठी तितके भाडे पूर्ण.

मुंबईत पोहोचल्यावर राहायचे कोठे, हा प्रश्न त्याहून जुना आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, आणि तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे त्या भागात येत आली आहेत. पुष्कळांना वाटते की रोगी म्हणजे खाटेवर निजलेला माणूस. परंतु किरणोपचार घेणारा रोगी बहुधा दाखल नसतो. सोमवार ते शुक्रवार रोज काही मिनिटांचा उपचार, असे सहा-सात आठवडे चालते. त्या काही मिनिटांखेरीज उरलेला सारा दिवस आणि सारी रात्र त्याने कोठे काढायची, हे रुग्णालयाच्या कागदावर कोठेच लिहिलेले नसते. जेरबाई वाडिया रस्त्याच्या पदपथावर प्लॅस्टिकच्या छपराखाली स्टोव्ह पेटवून बसलेली जी कुटुंबे दिसतात, ती निराधार नसतात. गावी त्यांचे घर असते, कधी चार एकर जमीन असते, आणि मुंबईत त्यांचा रोज सकाळी साडेनऊचा नंबर असतो. गाडगे महाराजांनी पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, आणि मुंबईत त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांचा आसरा झाली, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. १९५६ साली देह ठेवलेल्या त्या निरक्षर पुरुषाला आजारी माणूस हाही एक वाटसरूच आहे, हे आमच्याआधी उमगले होते. नाना पालकर स्मृती समितीची खोली मिळाली की माणसे माझ्याकडे येऊन पेढा ठेवीत. २००६ नंतर कर्करोग झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रे निघाली, तीही अशीच.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

२००० सालच्या पावसाळ्याअखेर सातपुड्यातल्या धडगावकडची एक चोवीस वर्षांची बाई आमच्याकडे आली. मूल सात महिन्यांचे, अंगावर पिणारे. छातीत गाठ होती. गावाकडे ती दुधाची गाठ समजून शेकली, लेप लावला, आणि दुखत नाही म्हणून सोडून दिली. निदान कर्करोगाचे झाले, आणि शस्त्रक्रियेपूर्वी औषधांची आवर्तने द्यायची असे ठरले. दर तीन आठवड्यांनी एक. त्या काळात मुलाला अंगावर पाजता येणार नव्हते. बरोबर नवरा होता आणि सासू होती. सासू हाडापेराने काटक, तिला मराठी फारसे येत नसे. ती व्हरांड्याच्या टोकाला पाय पसरून बसे, मुलाला पायांवर निजवी, आणि अल्युमिनियमच्या झाकणाच्या डब्यातून बोटाने पेज भरवी. मूल रडले की ती उठून पार फाटकापर्यंत जाई, म्हणजे आईच्या कानावर ते रडणे पडू नये.

आमच्याकडे गोरगरिबांसाठी एक निधी होता. दानपेटीतले पैसे त्यात जमत आणि रुग्णालयात त्याला सर्वजण ‘पुअर बॉक्स’ म्हणत. त्यातून परतीचे भाडे देण्याची सोय होती, तीही रेल्वेच्या सवलतीच्याच चालीवर: रोगी आणि एक सोबती. नवऱ्याने तिसऱ्या माणसाचे भाडे मागितले. मी त्याला नियम सांगितला. तो काही बोलला नाही. त्याने फक्त एकवार व्हरांड्याकडे पाहिले. नियम माझा नव्हता हे खरे, पण किरकोळ रकमेपुरता अपवाद करण्याचा अधिकार माझा होता, आणि त्या दिवशी बाकावर अकरा माणसे बसली होती म्हणून मी तो वापरला नाही.

नवऱ्याकडून मी त्या फेरीचा खर्च एका कागदावर लिहून घेतला होता, तो कागद माझ्यापाशी आजही आहे. धडगाव ते शहादा, शहादा ते नंदुरबार, तेथून सुरतेवरून मुंबई. स्टेशनवरून टॅक्सी, कारण बाईला चालवत नव्हते. तीन दिवसांचा चहा, पाव आणि केळी. सार्वजनिक शौचालयात अंघोळीचे पैसे. मुलाला दुधाची पिशवी. रक्ताच्या एका तपासणीचे बाहेर भरलेले पैसे. गावच्या दुकानात निरोप द्यायला केलेला फोन. अक्षर चांगले होते, तो सातवीपर्यंत शिकलेला होता. शेवटी त्याने बेरीज मांडली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या कागदावर जे नाही, ते मला पुष्कळ दिवसांनी दिसले: तीन दिवसांची त्याची मजुरी आणि तीन दिवसांची त्याच्या आईची. ते पैसे खर्च झाले नव्हते, कमावलेच गेले नव्हते, म्हणून हिशेबी माणूस असूनही त्याने ते मांडले नाहीत.

दुसऱ्या आवर्तनाला ती तिघे आली. मूल बापाच्या खांद्यावर. बाप रिपोर्टच्या रांगेत, मग पैसे भरण्याच्या रांगेत, मग औषधांच्या रांगेत. आणि मूल आईपाशी, जिला उलट्यांनी मान वर करवत नव्हती. तान्ह्या मुलाला वॉर्डात ठेवता येत नाही, म्हणून सिस्टर माझ्याकडे आल्या आणि मी एका आयाबाईला तासभर मूल धरायला सांगितले. त्या दिवसाचे भागले. तिसऱ्या तारखेला ती आली नाहीत. मी गावच्या शाळेच्या पत्त्यावर कार्ड टाकले, मग प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. चार महिन्यांनी ती आली तेव्हा रोग फुप्फुसात गेला होता. मी नवऱ्याला बाहेर घेऊन विचारले, मधे का नाही आलात? तो म्हणाला, “जाताना गाडीत पोरगं बाकावरून पडलं, बाई. माझा डोळा लागला होता. मग ती म्हणाली, आता नको जायला. आईला आणता आलं असतं तर आलो असतो.” त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, विचारले म्हणून त्याने सांगितले, एवढेच.

आवर्तने चुकली म्हणूनच ती गेली, असे कोणा डॉक्टरांनी म्हटले नाही, आणि तसे कोणी म्हणूही शकत नाही. सातपुड्यात होळीइतका मोठा सण नाही. त्या वर्षीच्या होळीआधी ती वारली. पुढे कित्येक महिने मी त्या प्रकरणाचा कागद फाईलमध्ये लावला नाही, टेबलाच्या काचेखाली ठेवला. आपल्या खात्यात माणूस नाकारला जातो तो बहुधा कठोरपणाने नव्हे. समोर नियम असतो, बाकावर माणसे असतात, घड्याळात साडेअकरा वाजलेले असतात, आणि ‘नाही’ म्हणायला ‘होय’ म्हणण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

त्यानंतर मी समितीपुढे टिपण ठेवले. मागण्या दोन होत्या. पहिली अशी की, उपचार चालू असलेल्या दूरगावच्या रोग्याला येण्याचे भाडे तारखेपूर्वी दहा दिवस त्याच्या घरी मनीऑर्डरने पाठवावे, आणि परतीचे भाडे तो आल्यावर हातात द्यावे. टिपणाच्या शीर्षकात मी ‘प्रवासखर्चाची तसलमात’ असे शब्द घातले, कारण नव्या मागणीपेक्षा जुना शिरस्ता लवकर मंजूर होतो, एवढे मी तोवर शिकले होते. लेखापरीक्षकांचा आक्षेप अपेक्षितच होता. जो माणूस समोर नाही, ज्याने प्रवास केलेला नाही, त्याच्या नावे रक्कम खर्ची कशी टाकायची? प्रवासाचा पुरावा काय?

पुराव्याची कथा त्याआधीची आहे. किनवटकडचे एक आजोबा रक्ताचा कर्करोग झालेल्या नातवाला घेऊन येत. त्या रोगात मूल बरे होण्याची आशा मोठी असते, पण औषधोपचार दोन-अडीच वर्षे चालतात, आणि सुरुवातीचे कठीण महिने संपले तरी तपासणीसाठी येतच राहावे लागते. मुलाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. ‘तिकिटे दाखवा, पैसे घ्या’ असा तेव्हा आमचा नियम होता, म्हणून आजोबांनी पहिल्या फेरीपासूनची तिकिटे जपली होती. त्यांनी माझ्या टेबलावर रुमालाची गाठ सोडली तेव्हा त्यातून गुलाबी, हिरव्या, पिवळट पातळ कागदांचा केवढा तरी ढीग पडला. त्या काळी एस.टी.चा कंडक्टर एका भाड्याचीच निरनिराळ्या किमतींची चार-पाच तिकिटे फाडून देई, आणि प्रत्येकाला पंचाने भोक पाडी. “मोजून घ्या, बाई. एक बी टाकलं नाही,” ते म्हणाले. तिकिटांवर गावांची नावे नव्हती, टप्प्यांचे आकडे होते. त्यामुळे ती किनवटचीच कशावरून, असा शेरा हिशेब तपासणाऱ्यांनी मारला आणि अर्ज परत आला. मी तो पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला, आणि तिसऱ्या वेळी मंजूर झाला तोवर आजोबांची आणखी एक फेरी उसने पैसे घेऊन झाली होती. तो रुमाल घडी करून पुन्हा कमरेला खोचताना त्यांच्या चेहऱ्यावर जो संकोच होता, तो पैशांचा नव्हता. आपण खोटे ठरलो की काय, याचा होता.

आश्चर्य असे की या वेळी वाट लेखापरीक्षकांनीच काढून दिली. आक्षेप लिहून झाल्यावर ते म्हणाले, मनीऑर्डरची पोच येते ना? घेणाऱ्याच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच म्हणजे व्हाउचर झाले; प्रवासाचा पुरावा रोग्याकडे मागायचा नाही, तो इथे येऊन नोंदवहीत हजर झाला की तोच पुरावा. मनीऑर्डरचे कमिशन शंभरामागे पाच रुपये, ते कोणत्या सदरात घालायचे यावर थोडी चर्चा झाली आणि टिपण मंजूर झाले. त्या गृहस्थांविषयी मी मनात पुष्कळ कटू विचार आणले होते. ते मी त्या दिवशी मागे घेतले.

मनीऑर्डरच्या फॉर्मला तेव्हा निरोपासाठी एक लहानशी चिठ्ठी जोडलेली असे. तीवर मी स्वतःच्या हाताने लिही: तारीख अमुक, वार अमुक, सकाळी आठला यावे, जुने कागद व फोटो बरोबर आणावेत. प्रारंभी मी त्यात रोगाचे नाव लिहीत असे. मग एका बाईने सांगितले की पोस्टमन पैसे ओट्यावर सगळ्यांसमक्ष मोजतो, निरोप मोठ्याने वाचून दाखवतो, आणि गेल्या महिन्यापासून शेजारीण तिच्या हातचे पाणी पीत नाही. तेव्हापासून ‘दवाखान्याची तारीख’ एवढेच शब्द मी ठेवले. एका गावी नवऱ्याने ते पैसे दारूत घातले. पुढची मनीऑर्डर मी बायकोच्या नावे काढली आणि ती ठरल्या तारखेला एकटी आली. परत येणाऱ्या पोचांवरचे अंगठे मला हळूहळू ओळखू येऊ लागले. शाई जास्त लागून पसरलेला, अर्धाच उमटलेला, ऊस तोडताना कोयता लागून मधोमध चिरलेला. माझ्या नोंदवहीत तारखेला न आलेल्यांच्या नावापुढे मी तांबडी खूण करीत असे. त्या खुणा नाहीशा झाल्या नाहीत, पण पानावर त्या शोधाव्या लागू लागल्या.

एवढे अल्प भाडे आणि त्याची एवढी महती का, असे काही दात्यांनी मला विचारले आहे. लाखाची शस्त्रक्रिया आपल्या देणगीतून झाली, याचे समाधान दात्याला असते आणि असावे. धडगाव-शहादा या एस.टी.च्या तिकिटावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. परंतु किरणोपचार मधे खंडित झाले की रोगावरची पकड सुटते, हे शास्त्र सांगते. असे असता ज्या रकमेने तो खंड पडत नाही ती रक्कम औषधाच्या बाहेरची कशी मानायची, हे मला कधीच समजले नाही, आणि अजून समजत नाही. सरकारला हे ठाऊक नाही असेही नाही. २०११ पासून गरोदर स्त्रीला घरून दवाखान्यात आणण्याची आणि बाळंतपणानंतर घरी पोहोचवण्याची जबाबदारी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने घेतली. जाणे आणि येणे, दोन्ही. आणि त्याच्याही पुष्कळ आधी, १९९५ पासूनच्या नवसंजीवन योजनेत आदिवासी भागातील आजारी बालकाजवळ दवाखान्यात थांबणाऱ्या आईसाठी एक तरतूद आहे. तिचे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा धडगावच्या त्या कागदावरची दोन रेघांखालची कोरी जागा माझ्या डोळ्यांसमोर आली. ‘बुडीत मजुरी’. जी कमाई झालीच नाही, ती बुडाली असे मान्य करणारा, आणि ती भरून द्यावी असे म्हणणारा शब्द आपल्याच शासनाच्या कागदांत होता. तो त्या एका योजनेच्या हद्दीबाहेर, महिनामहिना मुंबईत अडकून पडणाऱ्या कर्करुग्णाच्या सोबत्यापर्यंत, किडनीच्या रोग्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या बायकोपर्यंत का पोहोचू नये, हे मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बैठकीत विचारीत राहिले.

टिपणातली दुसरी मागणी एका ओळीची होती: अंगावर पिणारे मूल असल्यास दुसऱ्या सोबत्याचे भाडे द्यावे. समितीतल्या एका ज्येष्ठ शल्यविशारदांनी विचारले, अशी प्रकरणे वर्षाला कितीशी येणार? मी म्हटले, थोडीच. ते म्हणाले, मग द्या.

त्या ओळीखाली पहिली नोंद झाली ती पुढच्या वर्षी, जव्हारच्या बाजूच्या एका प्रकरणात. मनीऑर्डर तीन माणसांची गेली होती आणि तीन माणसे आली, मूल धरून चार. आजी नऊवारी नेसलेली, खांद्यावर घोंगडी. सून आत गेली, मुलगा रांगेत लागला, आणि ती मुलाला कडेवर घेऊन थेट माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मला वाटले, भाड्याचे विचारायला आली असेल. तिने पदराआडून पितळेची लहान लोटी पुढे केली.

“बाई, दूध आनलाय. कुठं तापवून मिळंल?”

आयाबाईंनी तिच्या हातून लोटी घेतली आणि त्या वॉर्डाच्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. आजी मुलाला घेऊन त्यांच्यामागे गेली.